कारणाचा रकाना

सदानंद केळशीकरांच्या व्हिसावर पेशा लिहिला होता ‘स्टोअरकीपर’. कंपनीकडे स्टोअर नव्हतं, हा मुद्दा वेगळा. पुण्याहून तत्त्वज्ञानात एम.ए. करून, तेही सेकंड क्लासात, हा मनुष्य १९९० साली दुबईला उतरला तेव्हा त्याचं नेमकं काय करायचं हे कुणालाच कळेना. लेबर ऑफिसच्या यादीत मेंढपाळापासून न्हाव्यापर्यंत सगळे होते, तत्त्वज्ञ तेवढा नव्हता. मग जो कोटा रिकामा होता त्याचा शिक्का बसला. स्वतःला ओळख, असं ते ग्रीक लोक देवळावर कोरून ठेवत म्हणे. सदानंदांनी ओळखलं: आपण स्टोअरकीपर.

दुबईच्या देरा भागात खाडीच्या कडेला, जिथे लाकडी गलबतांवर फ्रिज आणि टायर चढवतात, तिथे ही टाइल्स आणि कमोड विकणारी ट्रेडिंग कंपनी. सदानंद तिथे ॲडमिन. म्हणजे हजेरी, व्हिसा रिन्यूअल, मेडिकल, टायपिंग सेंटरच्या चकरा, आणि एक हिरवी तिजोरी. तिजोरीत कंपनीच्या त्रेचाळीस माणसांचे पासपोर्ट, दहा-दहाचे गठ्ठे, रबर बँड लावून. किल्ली सदानंदांच्या पँटच्या खिशात. पासपोर्ट कंपनीने का ठेवायचे, असं नवीन माणसाने विचारलं तर सदानंद आपुलकीने सांगायचे, “अरे, हरवला तर? सेफ्टीसाठी आहे बाबा.” त्यांना ते मनापासून खरं वाटायचं. हीच तर गंमत आहे. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान आपण खोटं बोलतोय हे माहीत असतं.

आता ग्रीकांकडे वळू, कारण सदानंद दर शुक्रवारी तिकडेच वळायचे.

शारजात अल मजाजला, खालिद लगूनच्या बाजूला, सातव्या मजल्यावर त्यांचा टू बेडरूम. तिथे महाराष्ट्र मंडळाचा संस्कार वर्ग भरायचा, शुक्रवारी दहा ते बारा. आधी तो एक बाई घ्यायच्या, श्लोक, पाढे आणि शेवटी चिवडा असा. बाई कॅनडाला गेल्या आणि वर्ग सदानंदांच्या गळ्यात पडला. गळ्यात कसला, यांनीच मान पुढे केली. बावीस वर्षांचे असल्यापासून त्यांना कुणीतरी ऐकणारं हवं होतं. बायको लतिका एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनिस्ट, दिवसभर लोकांची दुखणी ऐकून घरी यायची, तिला अथेन्सची दुखणी नको असायची. आता अकरा मुलं हाताला लागली आणि ती दोन तास उठून जाऊ शकत नव्हती.

सदानंदांनी पहिल्याच दिवशी श्लोक बाजूला ठेवले आणि सॉक्रेटिसची गोष्ट सांगितली. अनवाणी फिरणारा, बसक्या नाकाचा, बायकोची बोलणी खाणारा म्हातारा, बाजारात उभा राहून लोकांना विचारायचा: शौर्य म्हणजे काय? शहाणपण म्हणजे काय? लोक उत्तर द्यायचे आणि पाच मिनिटांत तोंडावर आपटायचे. शेवटी वैतागून गावाने त्याला विष दिलं. मुलं खूश झाली. मोठ्या माणसांना तोंडावर आपटायचा रीतसर मार्ग असतो, हे त्यांना प्रथमच कळत होतं. वर्गाचा नियम एकच ठरला: ‘ते वेगळं’ असं नुसतं म्हणायचं नाही. वेगळं असेल तर कसं वेगळं, ते सांगायचं.

या वर्गात एक बारावा विद्यार्थी होता. भिकाजी, कंपनीचा ड्रायव्हर, वय पन्नास, गाव गुहागर. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आठ जणांच्या खोलीत राहायचा आणि शुक्रवारी लतिकाच्या हातची आमटी खायला यायचा. जेवण एकला, भिकाजी दहाला हजर. चपलांच्या स्टँडजवळ मांडी घालून बसायचा आणि मुलांबरोबर ऐकायचा.

एकदा विषय निघाला प्रेमाचा. सदानंदांनी जुनी ग्रीक कथा सांगितली: माणूस म्हणे आधी गोल होता, चार हात, चार पाय, दोन तोंडं. फार माजला, म्हणून देवाने उभा चिरला. तेव्हापासून प्रत्येक अर्धा आपला दुसरा अर्धा शोधत हिंडतो. मुलं ‘यक’ म्हणाली. चपलांजवळून भिकाजी म्हणाला, “साहेब, माझा अर्धा गुहागरला हाय. दोन वर्षांनी एकदा जोडून बघतो. बसतो अजून बरोबर.”

स्वयंपाकघरात लतिकाच्या हातून पळी पडली. हसून.

तर असं चाललं होतं. मग अठ्ठ्याण्णवचे गणपती आले आणि प्रल्हाद सबनिसांचा मुलगा अंश बिघडला. सबनीस म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, इन्शुरन्स कंपनीत मॅनेजर, गळ्यात कायम कसलं तरी आयकार्ड. आरती झाली, कॉन्सुलेटमधले एक पाहुणे प्रसादाच्या रांगेत उभे, आणि बारा वर्षांच्या अंशने मोदकाचं ताट धरून विचारलं, “अंकल, बाप्पाला आवडतात म्हणून मोदक चांगले, की मोदक चांगले म्हणून बाप्पाला आवडतात?”

पाहुणे म्हणाले, “बाप्पाला आवडतात म्हणून.”

“मग बाप्पाला उद्या कारलं आवडलं तर?”

पाहुण्यांनी मोदक परत ठेवला. बस्स, एवढंच झालं. पण सबनिसांच्या घरी कमिटीची मीटिंग बसली. आरोप दोन: एक, मुलांना बिघडवलं, दोन, देवाचा मान ठेवला नाही. आता अडीच हजार वर्षांपूर्वी त्या म्हाताऱ्यावर हेच दोन आरोप होते, शब्दाला शब्द. सदानंदांना तर आकाश ठेंगणं झालं! दोन रात्री त्यांनी भाषण तयार केलं. इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातला. विषाचा पेला समोर आला तर चेहरा कसा ठेवायचा याचासुद्धा आरशात सराव झाला, लतिकाने स्वतः पाहिला.

सबनीस म्हणाले, “सदानंदराव, तुम्ही म्हणजे उंटावरचे शहाणे आहात.”

“मी आठ वर्षांत उंटावर बसलो नाही,” सदानंद म्हणाले. “कुणी बसलं असेल तर त्याला विचारू.”

कुणी बसलं नव्हतं. सफारीला जाऊन प्रत्येकाने फोटो तेवढा काढला होता. तिथून चर्चा सफारीच्या पॅकेजकडे गेली, ती परत आलीच नाही. निकाल असा लागला की पहिला अर्धा तास श्लोक, मग हवे ते ग्रीक. आणि शिक्षा म्हणून नव्हे, पाहुणचार म्हणून, मोठ्या ग्लासात बर्फ घालून व्हिमटो, तिकडचं जांभळं सरबत.

सदानंद पडलेल्या चेहऱ्याने घरी आले. लतिका म्हणाली, “काय हो? विष नाही दिलं? अरेरे.”

पण त्या दिवसापासून त्यांच्या चालण्यात फरक पडला. आपण सत्यासाठी उभे राहिलो, अशी काहीतरी समजूत झाली. माणूस एकदा फुकटात शूर ठरला की त्याच्यासारखा धोकादायक प्राणी नाही.

जानेवारीच्या एका शुक्रवारी विषय होता न्याय. सदानंद रंगात होते. “न्याय म्हणजे काय?”

“ज्याचं त्याला देणं,” अंश म्हणाला. पोरगं तयार झालं होतं.

“शाब्बास. आता समज, मित्राने तुझ्याकडे आपली सुरी ठेवायला दिली. आणि एक दिवस तो रागाने वेडापिसा होऊन आला आणि म्हणाला, माझी सुरी दे. देशील?”

अर्धा तास रणधुमाळी झाली. शेवटी ठरलं: ज्याचं त्याला द्यायचं, मागेल तेव्हा द्यायचं, फक्त तो शुद्धीवर नसेल तर थांबायचं. सदानंदांनी समाधानाने पाण्याचा घोट घेतला.

त्यांची मुलगी ईश्वरी सोफ्याच्या हातावर बसली होती. वय पंधरा, दहावीचं वर्ष, मार्चमध्ये बोर्ड. वर्गात ती सहसा बोलत नसे, बाप आपलाच असल्यामुळे तिला लाज वाटे. ती म्हणाली, “सो बाबा, इज भिकाजीकाका मॅड?”

“म्हणजे?”

“हिज पासपोर्ट इज विथ यू. ही वॉन्ट्स इट. नर्मदाकाकूचं ऑपरेशन आहे. यू आर नॉट गिव्हिंग.”

भिकाजी चपला सरळ करायला लागला. आधीच सरळ होत्या. आदल्या आठवड्यात त्याने स्वयंपाकघरात लतिकाला सांगितलं होतं, ईश्वरीने ते ऐकलं होतं: बायकोच्या, नर्मदेच्या, पोटात गाठ निघाली, चिपळूणला गर्भाशय काढायचं ठरलं. रजा वर्षभरापूर्वीच देय झाली होती, पण ऑफिस म्हणत होतं पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला. ते इन्शाल्ला अकरा महिने चाललं होतं.

“ते वेगळं,” सदानंद म्हणाले.

अकरा मुलांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं.

“ती कंपनीची पॉलिसी आहे,” त्यांनी सावरायचा प्रयत्न केला. “तिथे मी... म्हणजे ते सेफ्टीसाठी...”

“हाऊ इज इट डिफरंट?” ईश्वरी म्हणाली. “युअर रूल.”

“वहिनी, पानं घ्या,” भिकाजी मोठ्याने म्हणाला. साडेअकरा वाजले होते. बिचाऱ्याने साहेबांची अब्रू झाकायला स्वतःची भूक पुढे केली. त्या दिवशी वर्ग अर्धा तास लवकर सुटला आणि चिवडा तसाच राहिला.

दुपारी लतिका भांडी विसळत होती. सदानंद दारात उभे राहिले. त्यांना वाटलं, ही तरी म्हणेल की पोरगी आगाऊ झालीय. लतिकाने मागे न बघता विचारलं, “अहो, तुमचा पासपोर्ट कुठे असतो?”

“तिजोरीत. सगळ्यांचा असतो.”

“आणि किल्ली?”

“माझ्याकडे.”

“मग तुम्हाला पासपोर्ट हवा असला तर तुम्ही कुणाकडे मागता?”

सदानंदांना आठवलं. गेल्या वेळी सुट्टीला जाताना त्यांनी रजिस्टर काढून स्वतःचं नाव लिहिलं होतं, स्वतःला कारण सांगितलं होतं, मॅनेजर कुशलभाईंची सही आणली होती आणि स्वतःच स्वतःला पासपोर्ट देऊन ‘मिळाला’ म्हणून सही केली होती. तेव्हा त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं.

“लोका सांगे ब्रह्मज्ञान,” लतिका म्हणाली आणि नळ बंद केला. पुढचं तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

शनिवारी ते मॅनेजर कुशलभाईंच्या केबिनमध्ये गेले. कुशलभाई माणूस वाईट नव्हता, दिवाळीला सगळ्यांना काजूकतली द्यायचा. फोनवर हात ठेवून म्हणाला, “सदानंदभाई, अभी नहीं. फेब्रुवारी के बाद. पिछले साल गणू को छोडा था ना? वापस आया? दुसरी कंपनी में बैठा है मजे में.”

“कुशलभाई, उसकी वाइफ का ऑपरेशन है. गुरुवार को.”

“सब की वाइफ का कुछ न कुछ होता है, यार. पासपोर्ट गया तो जिम्मेदारी तुम्हारी.” मग अगदी मायेने विचारलं, “बेटी टेन्थ में है ना? मार्च में एग्झाम?”

सदानंद ‘जी’ म्हणून बाहेर आले. त्यांना नीट समजलं होतं. नोकरी गेली तर व्हिसा रद्द, व्हिसा रद्द तर तीस दिवसांत बोजाबिस्तरा गुंडाळा, आणि पोरीची बोर्डाची परीक्षा तशीच टांगलेली. खुर्चीत बसून त्यांनी त्या बसक्या नाकाच्या म्हाताऱ्याला मनात दोन शिव्या घातल्या. त्याचं बरं होतं. त्याला फक्त मरायचं होतं, मुलीचं परीक्षेचं सेंटर बदलून घ्यायचं नव्हतं.

शनिवार गेला, रविवार गेला. घरी ईश्वरी काही बोलली नाही. दार लावून फिजिक्स करत राहिली आणि जेवताना ‘पास द सॉल्ट’ एवढंच म्हणाली. लतिकानेही काही विचारलं नाही. सदानंदांना वाटलं, यांनी भांडावं तरी!

सोमवारी दुपारी भिकाजी कंपनीची पिकअप लावून वर ऑफिसात आला. पासपोर्टचं नाव त्याने काढलं नाही. नुसतं म्हणाला, “साहेब, डॉक्टर गुरुवारच म्हणतोय. काल कार्ड टाकून फोन केला होता. नर्मदा म्हणाली, तुम्ही यायची काय गरज नाय.”

बुडत्या सदानंदांना काडी मिळाली. “बघ, ती स्वतःच म्हणतेय...”

“साहेब,” भिकाजी म्हणाला, “तुमचं लगीन झालंय ना?”

सदानंदांच्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती.

त्यांनी किल्ली काढली. तिजोरी उघडली. हिरव्या दाराआड त्रेचाळीस निळी पुस्तकं रबर बँडात जखडून बसली होती. बाजूला रजिस्टर. रकाने त्यांनीच आखलेले, लाल शाईने: अनुक्रमांक, नाव, तारीख, कारण, मॅनेजरची सही, घेणाऱ्याची सही. भिकाजीचं नाव लिहिलं, तारीख टाकली, आणि कारणाशी पेन अडलं.

त्यांनी मागची पानं उलटली. नऊ वर्षांचं स्वतःचं वळणदार अक्षर. वडील वारले. आई अत्यवस्थ. घर पडलं. भाऊ वारला. एकेका माणसाने आपलीच वस्तू सोडवायला घरातली एक-एक मयत आणून या टेबलावर ठेवली होती. आणि सदानंद केळशीकर, एम.ए., यांनी प्रत्येक मयत हातात घेऊन पाहिली होती की चालेल का. एका ठिकाणी ‘मामा वारले’ लिहून खोडलं होतं. त्यांना आठवलं. मामा जवळचा नातेवाईक होत नाही, असं सांगून त्यांनीच त्या पोराला परत पाठवलं होतं, आणि पोरगा ‘सॉरी सर’ म्हणून गेला होता.

सदानंदांना रडू आलं. भिकाजीसमोर, चालू ऑफिसात, शेजारी फॅक्स वाजत असताना. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग त्या इंग्रजी रजिस्टरात कारणाच्या रकान्यात मराठीत लिहिलं: ‘त्याचा आहे.’

मॅनेजरच्या सहीचा रकाना कोरा सोडला आणि पासपोर्ट पुढे केला.

भिकाजीने सही करायला रजिस्टर जवळ ओढलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

“साहेब, हे कारण चालतं?”

“माहीत नाही.”

“चालत असलं,” भिकाजी सावकाश म्हणाला, “तर मग एवढी वर्षं...” आणि तिथेच थांबला. त्याने सही केली, पासपोर्ट बनियनच्या खिशात घातला आणि सदानंदांच्या पायाला हात लावायला वाकला. सदानंद दचकून मागे सरले, खुर्ची पडली. पाया पडून घ्यायची त्यांची लायकी नव्हती, हे निदान त्यांना त्या क्षणी कळत होतं.

बुधवारी, भिकाजी विमानात बसल्यावर, कुशलभाईंना समजलं. किती बोलले ते सोडा, खाडीवरच्या गलबतापर्यंत ऐकू गेलं असेल. नोकरी मात्र गेली नाही. त्रेचाळीस लेबर कार्डांच्या तारखा आणि कुठल्या टायपिंग सेंटरचा माणूस कुठला फॉर्म बिनचूक भरतो, हे एकट्या सदानंदांना ठाऊक होतं, आणि माणूस हाकलायलाही कुणीतरी कागद करावे लागतात. किल्ली तेवढी काढून अकाउंटंटला दिली. सदानंद घरी येऊन म्हणाले, “सुटलो!”

लतिकाने विचारलं, “तुमचा पासपोर्ट काढून घेतलात ना आधी?”

सदानंदांनी सवयीने खिसा चाचपला. किल्ली नव्हती.

“एम.ए.,” लतिका कपाळाला हात लावून म्हणाली, “सेकंड क्लास!”

पण त्या रात्री पानात पुरणपोळी होती. ना सण ना वार. ईश्वरीने न मागता तुपाची वाटी बापाकडे सरकवली.

पुढचा महिना वाईट गेला. भिकाजी परत आला नाही तर, हा प्रश्न ऑफिसात रोज कुणीतरी मोठ्याने विचारायचं. कुशलभाई नुसते बघायचे. सदानंद रोज कॅलेंडर बघायचे आणि स्वतःशी भांडायचे. ज्याचं त्याला दिलं, मग तो परत येतो की नाही हा आपला प्रश्नच नाही, असं शुक्रवारी मुलांना सांगायचे. शनिवारी सकाळी हजेरीपटात आधी भिकाजीचाच रकाना बघायचे.

फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शुक्रवारी श्लोक चालू असताना बेल वाजली. दारात भिकाजी, हातात फणसपोळी आणि आमसुलांची पिशवी. नर्मदा बरी होती, हिंडती-फिरती झाली होती. मुलांनी गिल्ला केला. भिकाजी म्हणाला, कुशलभाईंना घरी भेटून आलो, त्यांनी पासपोर्ट मागितला.

“मग?” सदानंदांचा आवाज चिरकला.

“म्हणालो, देतो की. पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला.”

लतिका हसता हसता दाराला टेकली. भिकाजीने चपला काढल्या, नेहमीच्या जागी मांडी घातली, आणि बनियनच्या खिशातून निळं पुस्तक काढून सदानंदांपुढे धरलं.

“साहेब, हा तुम्ही ठेवा. खोलीत आठ माणसं, कपाट एक. तुमच्याकडं बरा राहील.”

सदानंदांचा हात पुढे आला नाही. नऊ वर्षं त्यांनी त्रेचाळीस पासपोर्ट ठेवले होते, पण आपणहून ठेवायला कुणी दिला नव्हता. त्यांनी लतिकाकडे पाहिलं. लतिकाने ओले हात पदराला पुसले आणि पासपोर्ट घेऊन तिच्या साड्यांच्या कपाटाकडे निघाली.

“मॉम, वेट,” ईश्वरी म्हणाली. आत जाऊन तिने फिजिक्सची एक कोरी वही आणली, पट्टीने लाल रेघा मारल्या आणि बापासमोर ठेवली. नाव. तारीख. सही.

सदानंदांनी चष्मा वर केला. नऊ वर्षांची सवय. “अगं, कारणाचा रकाना राहिला.”

ही मुलगी पहिलीपासून शारजात वाढलेली, सरळ मराठीत बोलायचा तिला कंटाळा. पण त्या दिवशी ती एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली, “राहिला नाही, बाबा. काढला.”

भिकाजीने सही केली.